जादा काम शेजारच्या गाळ्याला दिलं आणि गिऱ्हाईकच तिकडे गेलं. एकाच धंद्यातल्या शेजाऱ्यावर भरवसा ठेवायचा तरी किती?

अर्धा_मायक्रॉन (धागाकर्ता):

एरवी मी वाचनमात्र. पण गेले चार दिवस डोक्यात एकच गोष्ट फिरतेय म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन), एक व्हीएमसी (तशीच, उभ्या अक्षाची) आणि एक जुना लेथ, जो काही केल्या विकवत नाही. आमच्या ओळीत असेच आठ गाळे आहेत. थोड्याफार फरकाने सगळ्यांचं काम तेच, जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट करून देणं. एका कोटेशनला आम्ही एकमेकांचे वैरी, आणि रात्री अकरा वाजता इन्सर्ट (मशीनचं कापायचं पातं) संपला की त्याच वैऱ्याच्या शटरवर थाप मारणारे. नऊ वर्षं असंच चाललंय. कोलेट (मशीनमधली पकड) दे, गेज (माप तपासायचं साधन) दे, तुझा सेटर (मशीन कामाला लावून देणारा कारागीर) तासभर पाठव. कशाचीच लिखापढी नाही.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकाची ऑर्डर माझ्या आवाक्याबाहेर आली. निम्मा माल शेजारच्या गाळ्यात केला. ड्रॉइंग दिलं, फिक्स्चर (पार्ट जागेवर धरणारा साचा) दिलं, माझा थ्रेड गेजसुद्धा दिला. काम चोख झालं, वेळेत झालं. पुढे आणखी दोनदा तसंच केलं. आणि या महिन्यात पीओ (खरेदीची ऑर्डर) आलीच नाही. मला वाटलं, मंदी असेल. मग टेंपोवाला सहज बोलून गेला, "तुमचा तो पार्ट हल्ली शेजारून भरतो ना मी."

अजून शेजाऱ्याशी बोललेलो नाही. समोर आला की मी फोन काढून बघत बसतो.

याला आणखी एक पदर आहे. आम्ही आठ जण मिळून एक सीएमएम (तीन अक्षांत मोजणारं मशीन) घ्यायचं ठरवत होतो. एकट्याला कुणालाच झेपणारं नाही, आणि आता मोठी गिऱ्हाइकं त्याचा रिपोर्ट मागतात. बोलणी जवळजवळ झाली होती. आता त्याच माणसाबरोबर भागीत मशीन घ्यायचं का? तुमच्या धंद्यात काय करता? आधी लिहून घेता का?

कोरडा_ठणठणीत:

लिहून काय घेणार? धंद्यात शेजारी म्हणजे जवळ राहणारा प्रतिस्पर्धी. तुम्ही त्याला ड्रॉइंग, फिक्स्चर, गेज असं सगळं ताटात वाढून दिलंत. त्याने जेवून घेतलं. चूक कुणाची?

पुठ्ठा:

ठणठणीत, तुम्ही दरवेळी एवढंच लिहिता आणि जाता.

अर्धा_मायक्रॉन, माझं पॅकेजिंगचं युनिट आहे, खोकी बनवते. तीच रांग, तेच शेजारी, तीच ओढाताण. तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात असं मला वाटतं. वस्तू उसनी देणं ही एक गोष्ट. ती परत आली नाही तर नुकसान कोलेटएवढंच. आपल्या नावावरचं काम दुसऱ्याकडून करून घेणं याची जोखीम मोठी, कारण त्याच्या हातून माल बिघडला तर नाव माझं जातं. आणि गिऱ्हाइकाची ओळख देणं ही तिसरी. ती एकदा दिली की परत मागता येत नाही. पहिल्या गोष्टीत नऊ वर्षं खरा उतरलेला माणूस तिसरीतही खरा उतरेल, हे तुम्ही धरून चाललात. तसं होतंच असं नाही. नियत तीच असते, मोह मोठा असतो.

एक विचारते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर तसेच होते ना? आणि माल कुणाच्या चलनावर (मालासोबत जाणारा कागद) गेला? तुमच्या, की घाईत थेट त्याच्या गाळ्यातून त्याच्या चलनावर?

अर्धा_मायक्रॉन:

नाव होतं. पहिल्या दोन खेपा माझ्या चलनावर गेल्या. तिसरी थेट गेली. टेंपोची एक फेरी वाचवली मी.

पुठ्ठा:

ती फेरी महागात पडली बघा.

थीसिसग्रस्त:

धागा माझ्या विषयावर आलाय, त्यामुळे आता मला आवरणं कठीण. (हो, थीसिस अजून चालूच आहे. विचारू नका.)

ठणठणीत म्हणतात तसं प्रतिस्पर्ध्याशी सख्य म्हणजे निव्वळ भाबडेपणा असता, तर सिडनीतल्या हॉटेलांनी तो कधीच सोडला असता. पॉल इंग्रॅम आणि पीटर रॉबर्ट्स या दोघांनी तिथल्या स्पर्धक हॉटेलांच्या व्यवस्थापकांची आपापसातली मैत्री मोजली. २००० साली तो अभ्यास छापून आला. ज्यांची प्रतिस्पर्ध्यांशी मैत्री होती त्यांच्या हॉटेलांची कमाई जास्त होती. कारणं अगदी व्यवहारातली. आपल्याकडे खोल्या भरल्या की पाहुणा मित्राच्या हॉटेलात पाठवायचा, उद्या तोही पाठवतो. बाजारात काय चाललंय हे एकमेकांना कळतं. दर पाडून एकमेकांचा गळा कापणं कमी होतं. म्हणजे तुमचं जादा काम आणि त्यांचा जादा पाहुणा एकाच जातीचे.

पण त्यातली खरी मेख पुढे आहे. दोघांची मैत्री असण्यापेक्षा दोघांचे मित्रही आपापसात मित्र असतील तर फायदा वाढत होता. तुमच्या बाबतीत काय झालं? व्यवहार फक्त तुमच्या दोघांत झाला. बाकीच्या सहा गाळ्यांना ठाऊकच नव्हतं की पार्ट मुळात तुमचा आहे. शेजाऱ्याने तो उचलला तेव्हा बघायला कुणी नव्हतं. टेंपोवाला सोडून.

दुसरं उदाहरण पोलादाचं. एरिक फॉन हिप्पेल यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या पोलाद गिरण्यांच्या इंजिनिअरांबद्दल लिहिलं. हे लोक प्रतिस्पर्धी गिरणीतल्या इंजिनिअरला सर्रास फोन करून अडचणी विचारायचे, आणि उत्तर मिळायचं. हिशेबाची वही कुठे नव्हती, पण कोण नुसतं घेतो आणि देत नाही हे सगळ्यांच्या लक्षात असायचं. अशाचा फोन पुढे हळूहळू कुणी उचलत नसे. आणि ज्या माहितीवर आपली गिरणी बाकीच्यांच्या पुढे आहे, ती कुणी सांगत नसे. म्हणजे काय द्यायचं आणि काय हातचं राखायचं, याची रेघ प्रत्येकाच्या डोक्यात होती. पुठ्ठाताई म्हणतात ती रेघ हीच.

शब्दखूळ:

अवांतर आहे, पण राहवत नाही. धाग्यात सगळे एकच शब्द वापरतायत, 'भरवसा'. आपल्या भाषेत 'पत' असा स्वतंत्र शब्द आहे आणि इथे तोच हवा. भरवसा मी तुमच्यावर ठेवतो, तो माझ्या मनात असतो. पत तुमची असते आणि ती चार लोकांच्या मनात असते. भरवसा तुटला हे दोघांनाच कळतं. पत गेली हे सगळ्यांना कळतं. थीसिसग्रस्तांचं हॉटेलांचं उदाहरण हे पतीचं आहे.

('पतीचं' लिहिल्यावर घोटाळा झाला, कल्पना आहे. नवऱ्याचा इथे संबंध नाही.)

थीसिसग्रस्त:

हे मी थीसिसमध्ये चोरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

कलमबहाद्दर:

'लिहून घेता का' हा प्रश्न मधेच राहिला म्हणून लिहितो. मी वकील आहे, तेव्हा माझं उत्तर 'हो' असणार असं तुम्हाला वाटेल. १९६३ साली स्ट्युअर्ट मॅकॉले या कायद्याच्या अभ्यासकाने विस्कॉन्सिनमधल्या कारखानदारांशी बोलून एक लेख लिहिला. त्यात दिसलं ते आमच्या धंद्याला फारसं मानवणारं नाही. बरेच व्यवहार फोनवर आणि शब्दावर चालायचे. कागद असला तरी त्याच्या मागची बारीक कलमं कुणी वाचलेली नसायची. वाद झाला तर करार बाजूला ठेवून बोलणी व्हायची. कोर्टाची भाषा काढली म्हणजे संबंध संपवायचे असं समजलं जाई.

तरी मी म्हणेन, एक पान लिहा. कोर्टात जाण्यासाठी नाही. लिहिताना तोंडातून जे प्रश्न बाहेर येतात त्यासाठी. 'हे गिऱ्हाईक तुझ्याकडे थेट आलं तर काय करशील?' हा प्रश्न नऊ वर्षांत तुम्ही एकदाही विचारला नाहीत. त्याने उत्तर दिलं असतं. कदाचित खोटंही दिलं असतं, पण मग आज ते खोटं ठरलं असतं. आत्ता तुमच्याकडे मोडलेला शब्दच नाही, कारण शब्द दिलेलाच नव्हता.

कोरडा_ठणठणीत:

हे मात्र मान्य.

तिसरी_शिफ्ट:

मी मालक नाही. सीएनसीवर ऑपरेटर आहे, आधी अशाच एका ओळीत होतो. तुम्हा मालकांचा एकमेकांवरचा विश्वास आमच्या बाजूने कसा दिसतो ते सांगतो.

आमच्या ओळीत मालकांनी आपापसात ठरवलेलं, की एकमेकांचा ऑपरेटर घ्यायचा नाही. तोंडी. अगदी पक्कं पाळायचे, इतकं की गिऱ्हाइकाबद्दलही पाळत नसतील. मी शेजारी विचारायला गेलो तेव्हा तो गोड बोलला, पाणी दिलं, आणि संध्याकाळी माझ्या मालकाला सगळं माहीत होतं. पगारवाढ मागायची सोय राहिली नाही. शेवटी गाव सोडून लांब नोकरी धरली.

तुमच्या हॉटेलवाल्यांच्या मैत्रीत सफाई कामगारांचा पगार किती वाढला, हेही कुणी मोजलंय का?

पुठ्ठा:

हे वाचून थांबले. आमच्याकडेही असं ठरलेलं आहे. मी त्यात आहे.

कलमबहाद्दर:

तिसरी_शिफ्ट यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. एकाच धंद्यातले लोक नुसत्या गप्पांसाठी जमले तरी बोलणं शेवटी गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटावर आणि भाव वाढवण्यावर जातं, अशा अर्थाचं अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय. मालक मजुरी वाढू नये म्हणून गुपचूप एक असतात, हेही त्याने लिहिलं होतं.

आणि हे फक्त छोट्या गाळ्यांत होतं असं नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अॅपल, गूगल, इंटेल, अॅडोबी, इन्ट्युइट आणि पिक्सार यांच्यावर नेमका हाच ठपका ठेवला होता, की एकमेकांच्या माणसांना आपणहून फोन करून बोलवायचं नाही असं यांनी आपापसात ठरवलंय. कंपन्यांना ते बंद करावं लागलं. पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात चार बड्या कंपन्यांची तडजोड ४१.५ कोटी डॉलरवर झाली. शेजारधर्म म्हणून पाळलेली गोष्ट बेकायदेशीर निघू शकते, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

म्हणून धागाकर्त्यांना एक सावधगिरीची सूचना. 'मी दिलेल्या या कामाच्या गिऱ्हाइकाकडे तू अमुक काळ थेट जायचं नाहीस' असं त्या कामापुरतं दोघांत ठरवणं वेगळं. आठ जणांनी बसून 'हे गिऱ्हाईक याचं, ते त्याचं, आणि या दराखाली कुणी जायचं नाही' असं ठरवणं पूर्ण वेगळं. बहुतेक देशांत हे दुसरं स्पर्धा कायद्यात सरळ बसतं, म्हणजे शिक्षेच्या बाजूने. सीएमएमच्या बैठकीत मशीनचंच बोला.

जुनी_पाटी:

वाचतोय सगळं. चाळीस वर्षं पॅटर्न मेकिंग (ओतकामासाठीचे नमुने बनवणं) केलं, आता मुलगा बघतो. सीएमएमवर कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

आम्ही सात जणांनी एकदा कच्चा माल एकत्र घ्यायचं ठरवलं होतं. एकत्र घेतला की भाव उतरतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पहिले दोन महिने छान गेले. मग एकाने आपला हिस्सा उशिरा दिला. अडचण खरीच होती, घरात आजारपण होतं. आम्ही सांभाळून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा उशीर, आणि आम्ही पुन्हा गप्प. कोण बोलणार, रोज तोंड बघायचं असतं. त्याच्या पुढच्या महिन्यात दुसऱ्या एकाने उशीर केला. त्याला कसलीच अडचण नव्हती. पहिल्याला कुणी काही म्हटलं नाही, मग मीच का वेळेवर देऊ, एवढंच त्याचं म्हणणं. सहाव्या महिन्यात आम्ही पुन्हा सात ठिकाणी सात भावांनी माल घेत होतो.

बाहेरून बघणारे म्हणाले, विश्वास नव्हता म्हणून मोडलं. मी सांगतो, विश्वास उदंड होता, भीड त्याहून जास्त होती. पहिल्या उशिराला कुणीतरी हसत हसत जरी म्हटलं असतं, 'अहो, पाच तारीख झाली', तर ते टिकलं असतं. आम्ही थेट सहाव्या महिन्यात तोंड उघडलं आणि ते भांडायलाच.

एवढ्या वर्षांत एवढंच कळलं, की ज्या व्यवहारात कुरकुर करायची जागा नाही, त्यात लोक कुरकुर करत नाहीत, सरळ निघून जातात.

अर्धा_मायक्रॉन:

पाटीकाका, हे अगदी लागलं. मी चार दिवस फोनमध्ये तोंड खुपसून काय करतोय मग.

थीसिसग्रस्त:

पाटीकाकांनी सांगितलं ते एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मासेमारीची ठिकाणं, कुरणं आणि पाटाचं पाणी वाटून घेणाऱ्या गावांत पाहिलं होतं. (२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल.) जिथे सामायिक गोष्ट टिकली तिथे पहिल्या चुकीला अगदी किरकोळ दंड असायचा, मग थोडा मोठा, मग त्याहून मोठा. पहिल्याच चुकीला हाकलून द्यायचं नाही आणि डोळेझाकही करायची नाही. 'अहो, पाच तारीख झाली' ही त्यातली पहिली पायरी.

आता सीएमएम. रोजची उसनवारी उत्तम चालते म्हणून मोठं सामायिक काम जमेलच असं नसतं. अगदी सारख्या वाटणाऱ्या दोन ठिकाणी उलट घडलेलं आहे. पाकिस्तानातल्या सियालकोटला शस्त्रक्रियेची उपकरणं करणारे शेकडो छोटे कारखाने आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गुणवत्तेच्या कारणावरून त्यांचा माल अडवला. म्हणजे एका कारखान्याचा वाईट माल सगळ्यांच्या मुळावर आला. तोवर जी संघटना फारशी कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तिनेच बाहेरून तज्ज्ञ आणले आणि गुणवत्ता पद्धतीचं प्रशिक्षण उभं केलं. कारखाने पुन्हा निर्यातीला लागले. खालिद नद्वी यांचा त्यावर सविस्तर अभ्यास आहे.

दुसरीकडे दक्षिण ब्राझीलमधलं सिनोस खोरं, चामडी बुटांचं. चीनचा स्वस्त माल आला तेव्हा तिथेही कातडं कमावणारे, बूट करणारे, यंत्रं बनवणारे या सगळ्यांनी मिळून सुधारणेचा कार्यक्रम आखला. कागदावर उत्तम होता. तो बारगळला, कारण सगळ्यात मोठ्या मोजक्या निर्यातदारांनी पाठ फिरवली. त्यांचं घट्ट नातं परदेशी खरेदीदाराशी होतं, आणि शेजाऱ्यांबरोबर उभं राहून ते नातं ताणायला ते तयार नव्हते. ह्युबर्ट श्मिट्झ यांनी हे लिहिलंय.

तेव्हा 'शेजारी विश्वासू आहे का' याच्या आधी हे विचारा, की आठांतला सर्वात मोठा गाळा कुणाचा आणि त्याला या मशीनची खरोखर गरज आहे का. त्याची गरज एकट्याने भागत असेल तर तो पहिला बाहेर पडेल. त्यात फसवणूक काही नसेल.

अर्धा_मायक्रॉन:

सर्वात मोठा गाळा त्याचाच आहे. शेजाऱ्याचा.

कोरडा_ठणठणीत:

वा.

पुठ्ठा:

आता तरी जाऊन बोला हो. आम्ही इथे पन्नास प्रतिसाद देऊ, टेंपोवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असेल.

अर्धा_मायक्रॉन (तीन दिवसांनी):

बोललो. जसं झालं तसं लिहितो.

त्याचं म्हणणं, तो गिऱ्हाइकाकडे गेला नाही. तिसरी खेप त्याच्या चलनावर गेली, त्यावर त्याचा फोन नंबर होता. पर्चेसच्या माणसाने थेट फोन केला. 'माल तुम्हीच बनवता ना, मग मधला हात कशाला?' त्याने पहिल्यांदा नाही म्हटलं (हे खरं की खोटं मला माहीत नाही). दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, तुम्ही नाही केलं तर आम्ही तिसरीकडे देतो. तेव्हा त्याने घेतलं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, "सांगणारच होतो. मग तू बोलायचंच बंद केलंस. मला वाटलं, तुला कळलंय आणि तुझा निर्णय झालाय."

आणि मग त्याने एक गोष्ट काढली जी मी पार विसरलो होतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडचा एक सेटर माझ्याकडे आला होता. मी त्याला बोलावलं नव्हतं, तो स्वतःहून आला होता. मीही तेव्हा शेजाऱ्याला काही सांगितलं नव्हतं. मला ती साधी गोष्ट वाटली. त्याच्या वहीत ती लिहिलेली होती.

तिसरी_शिफ्ट:

सेटर स्वतःहून आला, चार पैसे जास्त मिळाले असतील. तो कुणाच्या वहीतली चोरी नव्हता, एवढं लक्षात असू द्या.

अर्धा_मायक्रॉन:

मान्य. ते त्यालाही म्हणालो. त्याने मान हलवली, पटलं का ते माहीत नाही.

घड्याळाचा_काटा:

वाचनमात्र होतो, पण हे अगदी रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांच्या स्पर्धेसारखं झालं म्हणून लिहितो. १९८० च्या सुमारास त्यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली होती. दोन खेळाडू, प्रत्येक डावात साथ द्यायची की दगा. पहिल्या फेरीत १४ प्रवेशिका, दुसरीत ६२. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांची सगळ्यात साधी युक्ती जिंकली. सुरुवात साथीने करायची, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं.

सगळे ही गोष्ट इथेच संपवतात. पण या युक्तीची एक दुखरी बाजू आहे. कुणाची चाल चुकून दगा म्हणून वाचली गेली, की दोघं एकमेकांना आळीपाळीने फटके देत बसतात, आणि सुरुवात कुणी केली हे दोघांनाही प्रामाणिकपणे वेगवेगळं आठवतं. सेटर, मग चलन, मग अबोला. गैरसमजाला जागा असेल तिथे अधूनमधून एखादा फटका न परतवणारी युक्ती जास्त चांगली चालते, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं.

अर्थात संगणकातल्या खेळाडूंना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं, तरी तुम्ही तीन वर्षं त्यांच्यासारखेच खेळलात. राग मानू नका.

जुनी_पाटी:

गिऱ्हाइकाच्या पर्चेसवाल्याचं मात्र कौतुक करायला हवं. दोन शेजारी एकमेकांकडे बघत राहिले आणि मधला हिस्सा त्याने वाचवला.

थीसिसग्रस्त:

पाटीकाका, खरंय. आणखी एक, मग थांबतो. ब्रायन उझी यांनी १९९० च्या दशकात न्यू यॉर्कमधल्या तयार कपड्यांच्या छोट्या उद्योगांचा अभ्यास केला. घट्ट नात्यातून काम करणारे जास्त तगत होते. पण एका मर्यादेपर्यंतच. सगळी कामं घट्ट नात्यातच अडकली की उलटा परिणाम दिसायला लागायचा. नातं जिथे अडलं तिथे धंदाही अडायचा, आणि बाहेरची नवी माहिती येणं बंद व्हायचं. चांगले टिकले ते दोन्ही राखणारे, काही जवळचे आणि काही नुसते ओळखीचे.

अर्धा_मायक्रॉनचं जादा काम तीनही वेळा एकाच गाळ्यात गेलं. दुसऱ्या खेपेला दोन गाळ्यांत वाटलं असतं तर त्या दोघांनाही कळलं असतं की काम कुणाचं आहे.

आणि सीएमएमसाठी एक कल्पना. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींत पाणी उपसायला वाफेची इंजिनं होती. जेम्स वॉटचं पेटंट १८०० मध्ये संपलं. १८११ पासून तिथल्या खाणवाल्यांनी एक मासिक पत्रक सुरू केलं. कुठल्या खाणीतल्या इंजिनाने किती कोळशात किती काम केलं, हे दर महिन्याला सगळ्यांसमोर छापून यायचं. इंजिनात कुणी काय सुधारणा केली तेही त्यात यायचं. एकमेकांचे आकडे बघत बघत इंजिनं सुधारत गेली, आणि त्या काळात तिथे पेटंट घेण्याकडे फारसा कुणाचा ओढा नव्हता. मला त्यात आवडतं ते हे, की कुणी कुणाला 'विश्वास ठेव' असं म्हटलं नाही. आकडा भिंतीवर लावला.

पुठ्ठा:

म्हणजे मशीनशेजारी एक रजिस्टर. कुणी किती तास वापरलं, कुणाचा हिस्सा कुठल्या तारखेला आला. कुलपात नाही, उघड्यावर. बास, पाटीकाकांची 'पाच तारीख झाली' ते रजिस्टरच म्हणेल, कुणाला वाईटपणा नको.

जुनी_पाटी:

रजिस्टर बोलणार नाही हो. ते बघून कुणीतरी बोलायला लागतंच. पण बोलणं सोपं होतं, हे खरं.

कलमबहाद्दर:

बाहेर पडायचं कलम विसरू नका. कुणाला वर्षभराने निघायचं असेल तर त्याच्या हिश्शाचं काय, हे मशीन येण्याआधी ठरवा. लग्नाच्या आधी घटस्फोटाचं बोलल्यासारखं वाटतं, पण दार उघडं आहे हे माहीत असलं की लोक आत यायला कमी घाबरतात.

अर्धा_मायक्रॉन (दीड महिन्याने):

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

गिऱ्हाईक परत आलेलं नाही. ते शेजाऱ्याकडेच आहे. त्याने स्वतःहून सांगितलं, त्या पार्टचं थ्रेडिंग तुझ्या मशीनवर जास्त चांगलं होतं, ते तू कर. दर मी सांगितला, त्याने कापला, मी थोडा वर नेला. माल त्याच्याच चलनावर जातो. मला त्रास होतो का? होतो. सकाळी तो टेंपो भरताना बघितला की होतो.

सीएमएमला आठांतले सहा राहिले. शेजारी राहिला, दुसरे दोघे गळाले, म्हणजे थीसिसग्रस्तांचा अंदाज चुकला. एक पान लिहिलं, त्यात बाहेर पडायचं कलम आहे. ऑपरेटर न घेण्याचं कलम एकाने सुचवलं होतं, मी इथलं वाचून दाखवलं, ते गेलं. रजिस्टर मशीनशेजारी टांगलंय. पहिल्या महिन्यात एका सभासदाचा हिस्सा चार दिवस उशिरा आला आणि तो मीच होतो. शेजाऱ्याने सगळ्यांसमोर हसत म्हटलं, "अहो, पाच तारीख झाली." ही ओळ मीच त्याला सांगितली होती.

आणि माझा थ्रेड गेज परत आला. मागितला नव्हता. पुसून, तेल लावून, डबीत. वर कॅलिब्रेशनचं (माप अचूक आहे हे तपासल्याचं) नवं स्टिकर.

कोरडा_ठणठणीत:

कॅलिब्रेशनचं बिल कुणाच्या नावावर?

अर्धा_मायक्रॉन:

माझ्या.